ताटातून दिसणारा जर्मनी

प्रस्तावना

प्रवासात आपण राजवाडे व संग्रहालये पाहतो. देश ओळखण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तेथील अन्न. प्रस्तुत पाठात जर्मनीतील पारंपरिक पदार्थांच्या आधारे तेथील भूमी, हवामान आणि लोकजीवन यांचा परिचय करून दिला आहे.

मूळ पाठ

जर्मनीत हिवाळा दीर्घ असतो. पूर्वी त्या दिवसांत ताजी भाजी दुर्मीळ असे. म्हणून शरद ऋतूत कोबी बारीक चिरून, मीठ लावून, दाबून ठेवला जाई. तो आंबल्यावर महिनोन् महिने टिके. हाच ‘साउअरक्राउट’, म्हणजे आंबट कोबी. गरजेतून जन्मलेला हा पदार्थ आज आवडीने खाल्ला जातो.

पावाची कथाही अशीच आहे. उत्तरेकडील थंड हवेत आणि वाळूमिश्रित जमिनीत गव्हापेक्षा ‘राय’ हे धान्य चांगले येते. (आपली राई म्हणजे मोहरी, तिचा याच्याशी संबंध नाही.) रायचे पीठ आंबवले नाही, तर पाव आतून चिकट राहतो. त्यामुळे तेथील पाव काळसर, जड व किंचित आंबट असतो. अनेक घरांत रात्रीच्या जेवणाला ‘आबेंडब्रोट’, म्हणजे ‘संध्याकाळचा पाव’ असेच म्हणतात. पाव, लोणी, चीज असा तो न शिजवलेला साधा बेत असतो.

बटाटा मात्र दक्षिण अमेरिकेतून आला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ साली त्याच्या लागवडीचा हुकूम काढला. पोट्सडाम येथील त्याच्या समाधीवर लोक आजही बटाटे ठेवतात.

काही पदार्थांना वेळेचे बंधन आहे. म्यूनिकमध्ये वासराच्या व डुकराच्या मांसाचे पांढरे सॉसेज दुपारी बाराच्या आत खाण्याचा रिवाज आहे. शीतकपाट नसलेल्या काळात पहाटे केलेला हा पदार्थ दुपारनंतर टिकत नसे. मांसाहार न करणाऱ्या प्रवाशाने वसंत ऋतूत ‘श्पार्गेल’ची चव घ्यावी. शतावरीच्या कुळातील हे पांढरे कोंब २४ जूननंतर सहसा काढत नाहीत. पुढील वर्षासाठी झाडाला बळ साठवता यावे, हा त्यामागील हेतू.

जर्मन पावसंस्कृतीचा समावेश २०१४ साली त्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. तरीही पश्चिम जर्मनीत १९५० च्या दशकात ५०,००० हून अधिक असलेले बेकरी व्यवसाय २०२३ मध्ये संपूर्ण जर्मनीत १०,००० पेक्षा कमी उरले होते. कारखान्यातील पाव स्वस्त पडतो आणि पहाटेच्या कष्टाच्या कामाला तरुण मिळत नाहीत. यादीत नाव आल्याने परंपरेला मान मिळतो, पण भट्टी पेटती राहते ती गिऱ्हाइकांमुळे. म्हणून प्रवाशाने ओळखीच्या चवीचाच आग्रह न धरता गल्लीतल्या लहान बेकरीचे दार उघडावे. एका पावाच्या खरेदीने त्याची भूक भागते आणि एका जुन्या कसबालाही आधार मिळतो.

शब्दार्थ

अमूर्त – ज्याला दृश्य आकार नाही असे
रिवाज – चालत आलेली पद्धत
कसब – हातचे कौशल्य

स्वाध्याय

१. रायच्या पावाचा तेथील हवामानाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. ‘भट्टी पेटती राहते ती गिऱ्हाइकांमुळे’ या विधानाचा आशय लिहा.
३. तुमच्या प्रदेशातील टिकाऊ पदार्थ कोणत्या गरजेतून निर्माण झाला असावा? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आठ ओळी लिहा.