लहान कार्यालयासाठी संगणकाची खरेदी

बैल खरेदी करताना जाणता शेतकरी केवळ किमतीवर जात नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि आपल्या जमिनीस किती ताकदीची जोडी हवी ह्याचा विचार करतो. परंतु तोच शेतकरी गावच्या सेवा सोसायटीचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक ह्या नात्याने संगणक घेऊ लागला, म्हणजे सर्वांत कमी आकड्याचे दरपत्रक मंजूर करून मोकळा होतो. ही काटकसर पुष्कळदा महाग पडते.

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीने दोन जुने संगणक अत्यंत स्वस्तात घेतले. तसा सल्ला देणारा मीच होतो. वीज गेल्यास आधार देणारे यूपीएस घेतले नाही आणि नोंदींची दुसरी प्रतही कोणी ठेवली नाही. जून महिन्यात वीज वारंवार खंडित होऊन यंत्रातील तबकडी निकामी झाली. पीककर्जाच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा लिहून काढीपर्यंत काही सभासदांच्या शेतातील वाफसा निघून गेला. त्या अनुभवावरून पुढील गोष्टी सांगत आहे.

कामाची यादी प्रथम करावी

कार्यालयात कोणती कामे होणार ते आधी कागदावर लिहावे. पत्रव्यवहार, सभासदांची खतावणी, पावत्या व ऑनलाइन अर्ज एवढ्याच कामांस फार शक्तिमान यंत्र लागत नाही. मात्र आठ जीबी स्मरणशक्ती आणि किमान २५६ जीबीची एसएसडी अवश्य असावी. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. त्यामुळे ती जुन्या फिरत्या तबकडीपेक्षा पुष्कळ वेगाने काम करते व धक्क्याने सहसा बिघडत नाही.

केंद्र सरकारने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली असून तीत यंत्रसामग्रीचाही समावेश आहे. आपली संस्था तीत आहे किंवा कसे, ह्याची चौकशी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे व सहायक निबंधकांकडे केल्यावाचून पदरचा पैसा खर्च करू नये.

जुने यंत्र घ्यावे काय?

पारखून घेतल्यास हरकत नाही. मात्र विंडोज १० ह्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. यंत्रावर आय-५ पुढे ८५०० असा आकडा असल्यास ते आठव्या पिढीचे, ६५०० असल्यास सहाव्या पिढीचे समजावे. दुकानदाराकडून पक्के बिल व लेखी हमी घ्यावी, आणि यंत्र तासभर चालवून पाहावे. पत्रे व तक्ते तयार करण्यास लिबर ऑफिस विनामूल्य मिळते. हिशेबाची प्रणाली कोणत्या यंत्रावर चालते हे मात्र ती पुरविणाऱ्यास आधी विचारावे.

खरी किंमत कशी काढावी

समजा, एक यंत्र १५,००० रुपयांस मिळते व दोन वर्षे चालते. दुसरे ३०,००० रुपयांस मिळते व सहा वर्षे चालते. पहिल्याचा वार्षिक खर्च ७,५०० रुपये, तर दुसऱ्याचा ५,००० रुपये पडतो. दुरुस्ती व खोळंबा ह्यांचा खर्च निराळाच. छपाईयंत्राचेही असेच आहे. शाईचे यंत्र स्वस्त मिळते, परंतु क्वचित वापरल्यास त्याची शाई वाळून तोंडे बुजतात. केवळ काळी छपाई करणाऱ्या कार्यालयास लेझर छपाईयंत्र सोयीचे पडते.

नोंदींचे रक्षण

यूपीएस व चांगले अर्थिंग ह्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. रोज संध्याकाळी नोंदींची प्रत वेगळ्या साधनावर काढावी. आठवड्यातून एकदा आणखी एक प्रत करून ती कार्यालयाबाहेर सुरक्षित जागी ठेवावी. कारण आग, चोरी किंवा पूर ह्यांत दोन्ही प्रती एकाच खोलीत असून उपयोग नाही. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही न तपासलेल्या बियाण्यासारखीच होय. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, म्हणजे तो दुसऱ्या संगणकावरही नीट वाचता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संचालक मंडळाच्या सभेत हे मुद्दे मांडून निदान तीन दरपत्रके ह्याच कसोट्यांवर ताडून पाहण्यास सांगावे. संगणकासाठी जाणारा पैसा सभासदांचा असतो, आणि त्यात साठविलेली नोंद ही त्यांच्या पतीचा पुरावा असते. खरेदी करताना ह्या दोहोंचाही विचार व्हावा.