पुदिना : कुंडीतून पानात

जुन्या घरांच्या परसात मोरीचे पाणी जिथून बाहेर पडे, त्या ओलीवर अळू, कर्दळ आणि कित्येकदा पुदिनाही लावलेला असे. पाणी वाया जाऊ नये हा त्यामागील काटकसरीचा विचार अळूपुरता ठीकच होता, कारण अळूचे फदफदे रटरटून शिजते. पुदिना मात्र आपण बहुधा कच्चाच खातो. पुदिन्याविषयी एका बालरोगतज्ज्ञाला जे सांगावयाचे आहे, त्यातील निम्मे या एका फरकातच आले.

आपल्या बडोद्यात पुदिन्याला तोटा नाही. इथे तो 'फुदिनो' होऊन गवती चहाच्या जोडीने चहात पडतो, उसाच्या रसात जातो आणि पाणीपुरीच्या पाण्याला रंग व गंध देतो. आपण मराठी मंडळी मठ्ठ्यात आणि चटणीत त्याला मानाचे स्थान देतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात जुलाब, कावीळ, टायफॉइड यांचे बालरुग्ण वाढू लागले की पालक हमखास सांगतात, "डॉक्टर, बाहेरचे तिखट बाधले." बिचाऱ्या तिखटाचा यात दोष नसतो. दोष असतो अशुद्ध पाण्याचा, न धुतलेल्या हातांचा आणि त्या पाण्यात वाटलेल्या कच्च्या पानांचा. बाजारातील जुडी कोणत्या पाण्यावर वाढली आणि कोणत्या पाण्याने ताजी ठेवली गेली, हे आपणांस कळत नाही. घरच्या कुंडीतील पुदिन्याचा खरा लाभ हाच की त्याचे पाणी आपल्या माहितीचे असते.

लागवड अगदी सोपी आहे. बाजारातील जुडीतून चार निरोगी काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून त्या पेलाभर पाण्यात ठेवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळे फुटतात. कुंडी खोल नसली तरी चालेल, पण पसरट हवी, कारण पुदिना जमिनीलगत धावतो. दुसऱ्या रोपाशेजारी लावल्यास तो शेजाऱ्याला जगू देत नाही. बडोद्याचा एप्रिल-मे त्याला सोसत नाही; तेव्हा दुपारची सावली द्यावी. शेंडे पेरांच्या वर खुडावेत, म्हणजे दोन नवे फुटवे येतात. फुलोरा दिसताच छाटणी करावी.

पाणी पिण्यायोग्य नसले तरी निदान स्वच्छ असावे. मोरीचे किंवा भांडी विसळलेले नको. शेण घालावयाचे तर पूर्ण कुजलेलेच. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि मिठाच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याला ती दाद देत नाहीत. गुलाबी पाण्यात जुडी बुडवली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या गृहिणी (आणि डॉक्टरही) मला ठाऊक आहेत. वास्तविक उपयोगी पडते ते वाहत्या पाण्याखाली पाने सुटी करून चोळून धुणे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला. अशा पुराचे पाणी ज्या कुंडीवरून जाते, तिच्यातील पुदिना नंतर कितीही टवटवीत दिसला तरी तो मातीसह टाकून द्यावा आणि नवी काडी लावावी.

आता स्वयंपाकघराकडे वळू. चटणीत पुदिन्याने पुढारीपण केले की ती कडवट होते. एक वाटी पुदिन्याला दोन वाट्या कोथिंबीर, दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, जिरे, मीठ, चिमूटभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस हे प्रमाण मला पटते. चमचाभर डाळे घातल्यास पाणी सुटत नाही. पुदिन्याचे जाड देठ घेऊ नयेत. पाने वाटली गेली की त्यांतील विकरे मोकळी होतात आणि रंग काळवंडतो; लिंबाचे आम्ल ही क्रिया मंद करते. मिक्सर तापू नये म्हणून थंड पाणी घालावे, पण तेही उकळून गार केलेले. बर्फ घालावयाचा तर घरच्या पाण्याचाच. चटणी शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत संपवावी.

पुदिन्याचा सुवास उडून जाणाऱ्या तेलात असतो. म्हणून पुलावात तो थोडा फोडणीत आणि बराचसा वाफ जिरताना घालावा. चहात तर पातेले उतरवल्यावरच घालून झाकण ठेवावे. उकळत ठेवल्यास घरभर वास दरवळतो आणि कपात काही उरत नाही. मठ्ठ्यासाठी पाने चुरडावीत, पार लगदा करू नये.

पुदिन्यात लोह असते हे खरे, आणि त्यामुळे रक्तक्षयी मुलाला चटणी चारण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. परंतु चटणीतून पोटात जातो तो पुदिना जेमतेम काही ग्रॅम. शिवाय पुदिन्याच्या काढ्यातील पॉलिफेनॉल द्रव्ये चहाप्रमाणेच लोहाचे शोषण रोखतात. रक्तक्षयाला लोहाचे औषध हवे. चटणीने जेवणाला चव येते आणि न जेवणारे मूल दोन घास अधिक खाते, हे श्रेय मात्र तिला अवश्य द्यावे.

उरलेले निम्मे सांगणे पानाविषयी नसून बाटलीविषयी आहे. चटणीचा पुदिना आणि मेंथॉलचा पुदिना हे एकाच कुळातील दोन भाऊ आहेत. पहिल्याचा गंध प्रामुख्याने कार्व्होन या द्रव्याचा. दुसरा उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात तेलासाठी मोठ्या प्रमाणावर पिकवतात. मेंथॉलने गार वाटते, परंतु काही गार होत नाही. थंडीची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंवरील ग्राहक त्याने चाळवला जातो, एवढेच. हा ग्राहक शोधण्यासाठी मेंथॉलचाच वापर करणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील कार्यासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकाचेही तसेच: मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, आतील सूज तेवढीच राहते.

मोठ्यांच्या बाबतीत हा निरुपद्रवी भ्रम आहे. तान्ह्या बाळाच्या नाकापाशी मेंथॉल लावल्यास स्वरयंत्र आकुंचन पावून श्वास अडखळू शकतो. कापूर पोटात गेल्यास आकडी येऊ शकते. म्हणून दोन वर्षांखालील मुलांना असे बाम लावू नयेत, आणि पोटदुखीवरचे पुदिन्याचे हिरवे थेंब बाळाच्या तोंडात घालू नयेत. आजीबाईंना हे सांगताना त्यांचा अनुभव खोडून काढण्याची गरज नसते. "आजी, तुमच्या वेळी पाने होती, आता अर्क आहे," एवढे म्हटले की त्या बहुधा मान्य करतात.

पानाला मात्र आडकाठी नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न नीट सुरू झाले की मूगडाळीच्या मऊ खिचडीत दोन पाने बारीक चिरून शिजवावीत. मीठ-मिरचीची चटणी वर्षापर्यंत नको. जुलाब लागलेल्या मुलाला पुदिन्याचे सरबत हे ओआरएसच्या जागी देऊ नये. ओआरएस, झिंक, अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार चालू ठेवावा. मूल मलूल झाले, पाणीही पोटात ठरेना किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर घरात थांबू नये, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.