आधी हे विचार त्याला

अगं, तुमच्या पिढीला लग्नच नको झालंय असं जे बोललं जातं ना, ते मला पटत नाही. तुझ्या मैत्रिणी माझ्याशी मोकळेपणी बोलतात. एकीच्या पगारातून धाकट्या भावाची फी जाते. दुसरीचा मित्र सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुढच्या जाहिरातीची वाट बघतोय. नोकरी हातात आल्याशिवाय तिच्या घरी पाऊल टाकायची त्याची हिंमत होत नाही. तिसरीचं सगळं जुळलं होतं, 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' या एका अटीवर बोलणी अडली. यातल्या कुणालाही लग्नाचा कंटाळा नाही.

तुझं 'आत्ता नको' म्हणण्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि ते तू घरात कुणालाच सांगितलेलं नाहीस. तू वहिनीकडे बघतेस. ऑफिसातून आल्यावर पर्स खांद्यावरून उतरायच्या आत कुकर लावणारी वहिनी. तुझी धास्ती खोटी नाही. लोकांचा दिवस कशात जातो, याची केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं त्या कामात जात होती, पुरुषांची 97. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस निघाले. रोजचे पाच तास! त्यात नोकरी आली की बाईने हा वेळ झोपेतूनच काढायचा.

म्हणून सांगते, पत्रिका बघून झाली की मुलाला एकट्याला भेट. चार मोठ्या माणसांसमोर पोह्यांची बशी हातात धरून हे बोलणं होत नाही. सरळ विचार: सकाळचे डबे कोण करणार? माझ्या पगारातले पैसे आईबाबांना गेलेले चालतील का? एकाची बदली झाली तर नोकरी कुणी सोडायची? 'आई आहे ना करायला' असं उत्तर आलं तर समजून जा, आज त्याची आई, उद्या तू. आणि फ्लॅट हवा असेल तर हप्त्यातला तुझा वाटा किती, तेही त्याला सांग.

मूल हवं की नको, हेही मनाशी ठरव. आपल्याकडे हे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते. बीजांडं गोठवून ठेवता येतात, पण त्यातून मूल होईलच अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. घाबरवत नाही गं, एकदा चांगल्या डॉक्टरांशी बोलून ये.

आणि बाबांशी बोल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्याच महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या जवळजवळ 22 टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. अशा ठिकाणी आत्यांचे टोमणे झेलून तुला शिकू देणाऱ्या बापाला नुसतं 'आत्ता नको' ऐकवत राहणं मला बरं वाटत नाही. तुला कुणी फसवलंय की काय, या काळजीने त्यांना झोप नाही. स्पष्ट सांग, 'बाबा, मला वहिनीसारखं दमायचं नाहीये.' दादा समोर असताना सांग.

आईला मी समजावते. तुला सांगून आलेलं ते नाशिकचं स्थळ तेवढं मार्गी लाव. भेटायचं असेल तर शनिवारी भेट, नसेल तर आजच नकार कळव. त्या लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही.