स्क्रीन बंद करून पाहा!

तुम्ही कधी मॉनिटर बंद करून स्वतःचा प्रोग्राम चालवून पाहिलाय? आम्हीही पाहिला नव्हता.

मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी जावामध्ये हॉस्टेलच्या रूम अलॉटमेंटचा मिनी प्रोजेक्ट केला. विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हीकडे तोच प्रोग्राम चालतो म्हणून स्वारी भलतीच खूश होती. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात माझ्या रूम पार्टनरचा दादा हॉस्टेलवर राहायला आला. दादाला अजिबात दिसत नाही. तो बँकेत नोकरीला आहे आणि दिवसभर त्याचं काम कॉम्प्युटरवरच असतं. आम्ही जरा फुशारकीनेच म्हटलं, "दादा, आमचा प्रोजेक्ट बघ ना!" त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्यातला एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर सुरू केला आणि टॅब दाबत सुटला. स्पीकरमधून आवाज आला, "बटन... बटन... एडिट... बटन... बटन..."

दादा हसून म्हणाला, "अरे, बटणं बरीच आहेत हे कळलं. पण कशाची? यातलं एखादं डिलीटचं असलं तर?"

होतंच! कचऱ्याच्या डब्याचं सुंदर चित्र असलेलं ते बटण एका फटक्यात सगळी यादी पुसत होतं.

स्क्रीन रीडर नक्की काय वाचतो?

माझी समजूत होती की स्क्रीन रीडर पडद्यावर दिसतं ते वाचतो. हे चूक आहे. तो मुख्यतः प्रोग्रामला प्रश्न विचारतो. प्रत्येक वस्तूबद्दल त्याला चार गोष्टी हव्या असतात: नाव काय (उदा. "सेव्ह"), प्रकार काय (बटण, चेकबॉक्स, यादी), स्थिती काय (निवडलेलं आहे की नाही, बंद आहे का) आणि किंमत काय (रकान्यात काय लिहिलंय). सगळ्या वस्तूंचं मिळून एक झाड तयार होतं, खिडकीच्या पोटात पॅनेल, पॅनेलच्या पोटात बटणं. आंधळा माणूस या झाडावरून फिरतो. जे झाडावर नाही, ते त्याच्यासाठी जगातच नाही.

आमच्या बटणांवर नुसती चित्रं होती, नावं दिलेलीच नव्हती. प्रोग्रामने प्रकार सांगितला, "बटन", आणि गप्प बसला.

प्लॅटफॉर्म बदलला की भाषा बदलते

इथे क्रॉस-प्लॅटफॉर्मची खरी गंमत आहे. हे प्रश्न विचारायची भाषा प्रत्येक सिस्टिमची वेगळी. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं एमएसएए आणि नंतर आलेलं यूआय ऑटोमेशन, लिनक्सवर एटी-एसपीआय, मॅकवर अ‍ॅपलची स्वतःची पद्धत. सिस्टिमचंच बटण वापरलं तर त्याला आपल्या सिस्टिमची भाषा उपजतच येते. पण जावा स्विंग आपली बटणं स्वतः रंगवतं, म्हणून तर ती सगळीकडे सारखी दिसतात. सिस्टिमच्या दृष्टीने मात्र ते फक्त एक चित्र! त्यामुळे मध्ये दुभाषा लागतो. विंडोजवर तो म्हणजे जावा अ‍ॅक्सेस ब्रिज. २०१२ पासून तो जावाबरोबरच मिळतो, पण तो चालू आहे ना हे तपासावं लागतं. क्यूटी आणि फ्लटर यांनाही असाच दुभाषा लागतो. आणि दुभाषा कितीही हुशार असला तरी आपण जे बोललोच नाही त्याचं भाषांतर तो कुठून करणार?

मॅसॅच्युसेट्सचा धडा

ही गोष्ट कॉलेजच्या प्रोजेक्टपुरती नाही. २००५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्य सरकारने ठरवलं की सरकारी कागदपत्रं ओपनडॉक्युमेंट या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची. विचार चांगलाच होता, एका कंपनीवर अवलंबून राहायला नको. पण अपंग कर्मचारी आणि त्यांच्या संघटना म्हणाल्या, या फॉरमॅटचं ओपनऑफिस आमच्या स्क्रीन रीडरला धड वाचता येत नाही, मग आम्ही काम कसं करायचं? विंडोजवर ओपनऑफिसही तेव्हा जावाच्याच पुलावर अवलंबून होतं.

वाद झाला, पण त्यातून चांगलंही निघालं. एमएसएए ही जुनी भाषा, तिच्यात मोठा मजकूर आणि तक्ते नीट सांगायला शब्दच अपुरे होते. आयबीएमने त्यात भर घालून आय-अ‍ॅक्सेसिबल-२ तयार केलं आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. पुढे फायरफॉक्सने ते घेतलं, एनव्हीडीए ते समजू लागला, आणि २०१४ साली अपाचे ओपनऑफिस ४.१ मध्येही ते आलं. म्हणजे तक्रारीपासून इथपर्यंत नऊ वर्षं! एखादी सोय सुरुवातीला राहून गेली की नंतर ती बसवायला किती काळ जातो, बघा.

आणि एनव्हीडीए कोणी केला माहितीये? मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, आणि पुढे त्याचा अंध मित्र जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. विकतचे स्क्रीन रीडर फार महाग, म्हणून त्यांनी हा फुकट आणि ओपन सोर्स ठेवला. त्यामुळेच तो दादाच्या खिशात असतो.

आम्ही काय दुरुस्त केलं?

१. प्रत्येक चित्राच्या बटणाला सेट-अ‍ॅक्सेसिबल-नेम वापरून नाव दिलं. एका बटणाला एक ओळ, बस.

२. रकान्याशेजारी "रोल नंबर" असं लेबल होतं, पण दोघांची ओळखच करून दिली नव्हती. सेट-लेबल-फॉर लिहिल्यावर नुसतं "एडिट" जाऊन "रोल नंबर, एडिट" ऐकू यायला लागलं.

३. मजल्याचा नकाशा आम्ही पॅनेलवर हाताने रंगवला होता, रिकामी रूम हिरवी, भरलेली लाल. झाडावर त्याचा पत्ताच नव्हता, आणि तो चालायचा फक्त माऊसवर. आता तिथे खरी बटणं आहेत, "रूम १०४, रिकामी" असं नाव असलेली. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांचीही सोय झाली, आणि हात थरथरत असल्यामुळे माऊस धरता येत नाही त्यांचीही.

४. डिलीट करण्याआधी प्रोग्राम विचारतो. हे तर डोळसांसाठीही हवंच होतं!

एवढ्याला किती वेळ लागला? दोन रात्री. त्यातली एक नकाशातच गेली. तेच आधीपासून खरी बटणं वापरली असती तर ती रात्र वाचली असती. म्हणून सांगतो, हे काम सबमिशनच्या वेळेसाठी ठेवू नका. प्रत्येक स्क्रीन बनवली की माऊस काढा, मॉनिटर बंद करा आणि एनव्हीडीए लावून एक तरी काम पूर्ण करून दाखवा. लिनक्सवर ऑर्का आहे, मॅकवर व्हॉइसओव्हर आहे, तिथेही हेच करा. एका ठिकाणी बोलला म्हणजे सगळीकडे बोलेल असं समजू नका.

खरं सांगायचं तर व्हायव्हामध्ये यातलं कोणी काहीच विचारलं नाही. मार्कही वाढले नाहीत. पण नंतर दादा परत आला तेव्हा त्याने कोणालाही न विचारता यादी उघडली, तळमजल्यावरची रिकामी रूम शोधली आणि एका काल्पनिक विद्यार्थ्याला देऊनही टाकली. मग म्हणाला, "आता हा सगळ्यांवर चालतो."

आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो. फक्त आम्ही मशीन मोजत होतो आणि तो माणसं.