आगगाडीने सोडलेली वाट आणि सायकलीचे गणित

डोंगराळ मुलुखात सायकलीची सहल काढायची म्हटले की पहिला प्रश्न चढाचा येतो आणि दुसरा मोटारींचा. सपाट रस्ता हवा तर मोटारी सोसाव्या लागतात आणि मोटारी नकोत तर डोंगरातली पाऊलवाट धरावी लागते. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात मात्र दोन्ही अडचणी एकदम टळतील अशा काही वाटा आहेत. तिथे डोंगर आहेत, पण चढ जाणवत नाही आणि मोटारींना मज्जाव आहे. हे साधले कसे, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. त्याची गोष्ट मात्र चुनखडकापासून सुरू करावी लागते.

पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९५१ साली झाली. त्याच्या दक्षिण भागाला ‘व्हाइट पीक’ म्हणतात, कारण तिथला खडक पांढुरका आहे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचे थर साचून हा चुनखडक बनला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणापेक्षा याचे वागणे निराळे. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते आणि ते चुनखडकाच्या भेगा हळूहळू रुंदावत नेते. त्यामुळे पाणी वर न राहता खाली झिरपते. पठारावर हिरवी कुरणे आहेत, दगड रचून केलेले गडगे आहेत, पण ओढा सहसा दिसत नाही. दऱ्या आहेत, त्यांतल्या कित्येक कोरड्या.

या कोरडेपणाने इतिहास घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्रॉमफर्डचा कालवा पठार ओलांडून पलीकडच्या व्हेली ब्रिजच्या कालव्याला जोडावा असा विचार निघाला. पण कालव्याला पाणी लागते, आणि पठारावर ते नव्हते. तेव्हा जोसायस जेसप या अभियंत्याने सुचवले की कालव्याऐवजी रूळ टाका. १८२५ साली कायद्याने मंजुरी मिळाली आणि १८३१ सालापर्यंत सुमारे ५३ कि.मी. लांबीचा ‘क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे’ हा मार्ग पुरा झाला. गंमत अशी की त्याची आखणी कालव्यासारखीच होती. लांबच लांब सपाट टप्पे, आणि दोन टप्प्यांना जोडणारी एकदम तीव्र उतरण. कालव्यात जिथे पाणकपाटे आली असती तिथे इथे उतरण आली. मालाच्या ठाण्यांनाही स्टेशन न म्हणता ‘धक्का’ म्हणत. होडी कधीच न पाहिलेले धक्के! पुढे वाफेची इंजिने आली तेव्हा त्यांच्यासाठीही पाणी टाक्यांतून वर न्यावे लागे.

सपाट टप्प्यांवर सुरुवातीला घोडे डबे ओढीत. उतरणीवर डबे दोराला किंवा साखळीला बांधून माथ्यावरच्या स्थिर वाफयंत्राने ओढले जात. खाली येणाऱ्या डब्यांचे वजन वर जाणाऱ्यांना मदत करी आणि यंत्राला फक्त दोहोंतील फरकाचे काम उरे. मिडलटनच्या माथ्यावर १८२९ साली बांधलेले असे एक यंत्र जतन केलेले आहे. ते १९६३ सालापर्यंत कामात होते. १९६७ साली उरलासुरला मार्ग बंद पडला, रूळ उचलले गेले आणि त्या पट्ट्यावर ‘हाय पीक ट्रेल’ ही सुमारे २७ कि.मी.ची वाट झाली. ॲशबर्नहून येणारी सुमारे २१ कि.मी.ची ‘टिसिंग्टन ट्रेल’ १९७१ साली खुली झाली. तीही जुनी रेल्वेच. दोन्ही वाटा पार्स्ली हे या ठिकाणी मिळतात.

आता गणिताकडे वळू. समजा, सायकल, स्वार आणि सामान मिळून वस्तुमान ९० किलोग्रॅम आहे. वजन झाले सुमारे ८८० न्यूटन. बारीक चुनखडीची कच घालून दाबलेल्या वाटेवर चाक लोटताना जो रोध होतो तो वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे ९ न्यूटन धरू. ॲशबर्न ते पार्स्ली हे वाट सुमारे २२० मीटर चढते, म्हणजे सरासरी दर १०० मीटरला १ मीटर. चढामुळे मागे खेचणारे बल वजनाच्या शंभराव्या हिश्शाएवढे, पुन्हा ९ न्यूटन. ताशी १५ कि.मी. वेगाला हवेचा रोध ६ न्यूटनच्या आसपास येतो. एकूण २४ न्यूटन. वेग सेकंदाला ४.२ मीटर, म्हणून लागणारी शक्ती सुमारे १०० वॅट. धडधाकट माणूस एवढी शक्ती तासभर सहज देऊ शकतो. म्हणजे २१ कि.मी. अंतर दीड तासाच्या आत कापून तुम्ही डोंगरावर पोचता आणि चढलो केव्हा हे कळतही नाही.

पण रेल्वेने चढ इतका सौम्य का ठेवला? इथेच खरी मौज आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार हलके लोटते. तिथला रोध वजनाच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाएवढाच. आता शंभराला एक असा चढ आला की एकूण रोध १/५०० वरून १/५०० अधिक १/१०० होतो, म्हणजे सहापट! सायकलीच्या बाबतीत (हवा सोडून) तोच रोध फक्त दुप्पट होतो. ज्याचे चाक हलके लोटते त्याला चढ जास्त बोचतो. म्हणून रेल्वेच्या अभियंत्याने टेकड्या कापल्या, भराव घातले, वळसे घेतले. त्या सगळ्या खर्चाचा लाभ आज सायकलस्वाराला आयता मिळतो. हेच गणित आपल्या बोरघाटाला लावून पाहा. १८६३ साली सुरू झालेल्या त्या घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर आहे, म्हणजे रोध साडेचौदापट. कर्जतला गाडीला जादा इंजिने का जोडतात ते आता वेगळे सांगायला नको.

परतीच्या वाटेचा एक बारकावा. शंभराला एक उतारावर गुरुत्वाकर्षण ९ न्यूटनने पुढे ओढते आणि चाकाचा रोध तेवढाच मागे. सायकल आपणहून धावत नाही. फक्त हवेशी झगडायचे, त्याला २५ वॅट पुरतात. उतार आहे म्हणून पाय सोडून बसलात तर हळूहळू थांबाल.

हाय पीक ट्रेलवरचा हॉप्टनचा चढ मात्र वेगळा आहे. तिथे १४ मीटरला १ मीटर. गाड्यांची इंजिने दुरून वेग घेऊन त्यावर चाल करीत. काही वर्षांपूर्वी मला तिथे सायकल चालवण्याचा योग आला आणि मीही तोच डाव टाकला. गणित आधी करायला हवे होते. ताशी २० कि.मी. वेगातली सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलली तरी मिळते १.६ मीटर, म्हणजे त्या चढावर जेमतेम वीस मीटर. चढाची लांबी मात्र चारशे मीटरच्या घरात! पुढे १०० वॅट शक्तीला वेग उरतो ताशी ५ कि.मी., आणि तेवढ्या वेगात सायकलीचा तोल टिकत नाही. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक मुकाट्याने उतरून चालू लागला.

चढताना फार तर फजिती होते. उतरताना धोका असतो. मिडलटन आणि शीप पाश्चरच्या उतरणी साधारण ८ मीटरला १ मीटर आहेत. अशी ६०० मीटर उतरण उतरताना उंची ७५ मीटरने घटते आणि आपल्या ९० किलोग्रॅमची ६६ किलोजूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जावी लागते. चाकांच्या रोधात जाते जेमतेम ५. वेग वाढू द्यायचा नसेल तर बाकीची जवळजवळ सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. दोन्ही कड्या मिळून एक किलोग्रॅम ॲल्युमिनियम धरले आणि वाऱ्याने उष्णता नेलीच नाही असे मानले, तर तापमान ६५ ते ७० अंशांनी वाढेल. वारा त्यातली बरीच नेतो हे खरे, पण ब्रेकचे रबर झिजलेले असेल किंवा कडी ओली असेल तर पकडच कमी पडते. तिथे उतरून सायकल हाती धरून चालावे, यात कमीपणा नाही.

१८८८ साली शीप पाश्चरच्या माथ्याजवळ दोन डबे सुटले. सुमारे १४० मीटर उंचीवरून घर्षण न धरता वेग काढला तर सेकंदाला ५२ मीटर, म्हणजे ताशी १८५ कि.मी.हून अधिक येतो. प्रत्यक्ष वेग काही कमी असेल, पण ते डबे पायथ्याचे वळण न घेता कालवा ओलांडून, पलीकडचे दोन रूळमार्गही ओलांडून शेतात जाऊन पडले. त्यानंतर पायथ्याशी सुटलेले डबे अडवणारा खड्डा खणला गेला. वाटेने जाताना तो आजही दिसतो.

शेजारच्या ‘मॉन्सल ट्रेल’विषयी थोडक्यात. ही वाय नदीच्या दरीतली, सुमारे साडेतेरा कि.मी.ची. हा रेल्वेमार्गही १८६३ सालचाच. दरी नासली म्हणून जॉन रस्किन या लेखकाने त्यावर सडकून टीका केली होती. ज्या पुलावर राग, तोच आज संरक्षित वास्तू आहे. मार्ग १९६८ साली बंद झाला, आणि आतले बोगदे २०११ साली सायकलींना खुले झाले.

तुमच्या सायकलीचा रोध तुम्हीच मोजू शकता. वारा नसलेल्या दिवशी मोकळ्या, सपाट मैदानावर १० मीटर अंतरावर दोन खुणा करा. सायकल एकसारख्या वेगाने चालवून हे अंतर ५ सेकंदांत तोडा, म्हणजे वेग सेकंदाला २ मीटर. दुसऱ्या खुणेवर पायडल थांबवा, ब्रेक लावू नका, आणि सायकल थांबेपर्यंतचे अंतर मोजा. वेगाच्या वर्गाला १९.६ ने आणि त्या अंतराने भागा. सायकल २० मीटरवर थांबली तर उत्तर ०.०१ येईल. मग चाकात हवा कमी करून तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. मैदान अगदी सपाट नसेल तर उलट दिशेनेही करून सरासरी घ्यावी.