‘फ्लिम्झी’शी झटताना

मजकूर इंग्रजीतून मराठीत आणताना ‘फ्लिम्झी’ हा शब्द सारखा आडवा येतो. कोशात त्याचे अर्थ भरपूर आहेत: कमकुवत, तकलादू, पातळ, लंगडा. त्यातला कुठला कधी घ्यायचा, हे काम करता करता उमगलं ते असं.

१. आधी विचारावं, या वस्तूनं पेलायचं काय होतं? काचेचं झुंबर धक्क्यानं फुटतं, पण तो काचेचा स्वभाव आहे. इंग्रजीत ते ‘फ्रॅजाइल’, म्हणजे जपण्याजोगं. कोपर टेकताच डुगडुगणारं टेबल मात्र ‘फ्लिम्झी’. इथे बोट घडवणाऱ्याकडे जातं. म्हणून ‘नाजूक’ चालत नाही, ‘तकलादू’ चपखल बसतो.

२. आजारातून उठलेल्या आजींना हा शब्द लावू नये. त्या ‘फ्रेल’, आपल्याकडे थकलेल्या.

३. शब्दाचा सगळा अर्थ एका डब्यात पाहावा. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्याला पेट्रोल मिळे ते चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या, पातळ पत्र्याच्या डब्यांतून. खडबडीत वाटेवर हे डबे सांध्यांतून गळत आणि मोलाचं इंधन वाळूत जिरे. सैनिकांनी त्यांचं नावच ‘फ्लिम्झी’ ठेवलं. डबा कापून, त्यात वाळू आणि पेट्रोल घालून त्यावर चहा उकळायचा, हा त्याचा भरवशाचा उपयोग! जर्मनांचा २० लिटरचा भक्कम कॅन हाती लागला, तेव्हा ब्रिटिशांनी तो वापरला आणि पुढे त्याची नक्कलही केली. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो जेरीकॅन. गळका डबा दिसायला डबाच होता, फक्त डब्याचं काम त्याला जमत नव्हतं. विशेषणाचं नाम व्हावं, इतका हा शब्द तिथे नेमका बसला.

४. ‘फ्लिम्झी ग्राउंड्स’ला सरसकट ‘क्षुल्लक कारण’ लिहिलं जातं. मला ते पटत नाही. क्षुल्लक म्हटलं की कारणाचा आकार कळतो, बळ कळत नाही. घरात मृत्यू झाल्याचं कारण मोठंच, पण ते खोटं असेल तर पहिल्याच प्रश्नाला कोसळतं. तिथे ‘लंगडी सबब’ म्हणावं. पुराव्याबद्दल असेल तर ‘न टिकणारा पुरावा’. कोर्टातला माणूसही ‘टिकला नाही’ असंच म्हणतो.

५. कापडाला झिरझिरीत किंवा विरविरीत. पातळपणा या शब्दाच्या मुळातच असावा: ‘फिल्म’, म्हणजे पापुद्रा, यातली अक्षरं उलटसुलट होऊन तो घडला, असा कोशकारांचा कयास आहे. इंग्रजी वार्ताहर नकला काढण्यासाठी जो पातळ कागद वापरत, त्यालाही ‘फ्लिम्झी’च म्हणत. तिथे निंदा नाही, कारण त्या कागदानं पातळच असायला हवं होतं. अशा जागी ‘तकलादू’ लिहिलं तर त्या कागदावर अन्याय होतो.