कोपऱ्यांतला अंधार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

हरिहरेश्वरच्या खडकांचे तुझे फोटो पाहिले. लाटांचं धुकं सुरेख उतरलंय, पण चारही कोपरे काळवंडलेत आणि ते ‘नंतर कॉम्प्युटरवर उजळून घेईन’ असं तू लिहितेस. माझं मत वेगळं आहे. लाँग एक्स्पोजरमध्ये या अंधारात मोठा वाटा फिल्टरचा असतो, तेव्हा त्याचा बंदोबस्त शटर दाबण्याआधीच करायला हवा.

वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत प्रकाश मुळातच कमी पोचतो. एरवी ढगांच्या आणि लाटांच्या पोतात ते खपून जातं. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तेच आकाश गुळगुळीत होतं आणि उजेडाचा उतार उघडा पडतो. त्यात भर पडते दहा स्टॉपच्या एनडीची, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या गडद फिल्टरची. हा फिल्टर प्रकाशाचा सुमारे हजारावा भाग आत सोडतो, पण हा हिशेब सरळ येणाऱ्या किरणांचा. फुल फ्रेमवर १६ मिमी लेन्सच्या कोपऱ्यात जाणारा किरण काचेवर सुमारे ५३ अंश तिरका येतो. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते, तसा त्याचा काचेतला प्रवास लांबतो, साधारण १८ टक्क्यांनी. काच आतूनच गडद असेल तर मध्यावर दहा स्टॉप आणि कोपऱ्यात पावणेबारा! २४ मिमीवर हाच फरक सव्वा स्टॉपच्या आत येतो. एफ/११ वर गेलीस तर लेन्सची घट बरीच भरून निघते, काचेची नाही. आणि कोपरा कातरल्यासारखा काळा असून एफ/११ वर त्याची कड आणखी ठळक होत असेल, तर फिल्टरची रिंगच चित्रात येते आहे असं समज.

सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये हे करतं, हे खरं. पण त्यातल्या प्रोफाइलला तुझी लेन्स ठाऊक असते, फिल्टर नाही. दोन स्टॉप उजळणं म्हणजे चौपट करणं. त्याबरोबर नॉइज आणि तापलेल्या सेन्सरचे ठिपकेही वर येतात. रिंगने झाकलेल्या कोपऱ्यात तर उजळायला काही नसतंच. अंधारे कोपरे नजर मध्यावर आणतात, असंही कुणी म्हणेल. आणतात, आणि हवे तिथे, हवे तेवढे ते नंतर घालताही येतात. तुझ्या फोटोत मात्र जाळी पडलेला देखणा खडक खालच्या डाव्या कोपऱ्यातच आहे, आणि अंधाराने नेमका तोच गिळलाय. क्रॉप केलास तर तोही जाईल.

तेव्हा यूव्ही फिल्टर काढून एनडी एकटाच लाव. ७७ मिमीच्या लेन्सवर स्टेप-अप रिंगने ८२चा फिल्टर बसव. व्हेरिएबल एनडी वाइडवर नकोच, आकाशात काळी फुली उमटते. २४ मिमीवर चौकट जमते का, ते आधी बघ. (भरतीच्या वेळी तिथल्या देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ट्रायपॉड मुळीच लावू नकोस.) एवढं करूनही उरेल त्या घटीसाठी फिल्टर, अ‍ॅपर्चर, फोकस काहीही न हलवता, समोर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून आणखी एक फ्रेम घे. ती फ्रेम वापरून केलेली दुरुस्ती लेन्स आणि फिल्टर दोन्हींची असेल. मात्र ती उजेड असेतोच घे, दहा स्टॉपच्या मागे संध्याकाळ फार लवकर संपते.

तुझा,
मामा